जुन्या पिकअपचे बसलेले पाटे : दिंडोरी तालुक्यातील एका गाडीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या 2009 सालच्या पिकअप गाडीचे आहे. मालकाची आणि गावाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मापे, वजने आणि कामाचा क्रम मात्र मी त्या त्या वेळी वहीत नोंदवला तसाच दिला आहे. मालकांना या लेखात नाना म्हटले आहे. सातपूरमध्ये मी गेली अनेक वर्षे गाड्यांच्या पाट्यांचे (धुरीवर गाडीचे ओझे पेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) आणि सस्पेन्शनचे काम पाहतो, आणि नानांची गाडी माझ्याकडे अधूनमधून येत असे.

या गाडीला वर्षात दोन अगदी वेगळी कामे असतात. ऑगस्ट ते नोव्हेंबर टोमॅटोची कॅरेट भरून पिंपळगाव बसवंतच्या बाजारात जायचे, आणि भाव बरा असेल तेव्हा आठवड्यातून एखादी खेप कसारा घाट उतरून वाशीला करायची. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत द्राक्षे बागेतून पॅकहाऊसपर्यंत पोचवायची. टोमॅटोचे ओझे जड आणि द्राक्षाचे हलके असते; हलके असले तरी ते जास्त नाजूक असते. पुढचा प्रत्येक निर्णय या दोन हंगामांच्या फरकाभोवती फिरला, म्हणून तो आधी सांगितला.

गाडीच्या मागच्या प्रत्येक बाजूला 70 मिमी रुंद आणि 8 मिमी जाड असे पाच पाटे, आणि त्यांच्या खाली एक जवळपास सपाट हेल्पर पाटा अशी मूळ रचना होती. माल वाढून वरचे पाच पाटे दबले की मगच हेल्पर पाटा कामाला लागतो. आरसी बुकात रिकाम्या गाडीचे वजन 1,600 किलो आणि मालासह कमाल वजन 2,750 किलो नोंदलेले होते. मधल्या 1,150 किलोंमध्ये चालक आणि सोबतचा माणूसही धरायचा असतो, ही गोष्ट बहुतेक मालकांच्या हिशेबातून सुटते.

अडचण

ऑगस्ट 2022 मध्ये नानांचा फोन आला. "भाऊ, गाडी मागून पार बसली. गतिरोधकावर खालून दणका बसतो. एकेक पाटा टाकून घेऊ का?" डाव्या मागच्या चाकाचा टायर मडगार्डला आतून घासू लागला होता, रात्री समोरून येणारे लोक दिव्यांच्या उजेडावरून शिव्या घालत होते, आणि बाजारात गेल्यावर तळातली चार-पाच कॅरेट रोज दबलेला माल म्हणून बाजूला काढली जात होती. हंगाम ऐन भरात होता आणि गाडी एक दिवसही उभी ठेवायची त्यांची तयारी नव्हती.

मी फोनवरच "घ्या टाकून" असे म्हणालो. गाडी न पाहता, माप न घेता आणि एका फेरीला किती कॅरेट भरता हे न विचारता दिलेला तो सल्ला चुकीचा होता. त्या चुकीची किंमत नानांना मोजावी लागली, म्हणून ती येथे स्पष्टपणे नोंदवतो.

पहिली दुरुस्ती आणि तिचे परिणाम

नानांनी जवळच्या एका गॅरेजात दोन्ही बाजूंना हेल्परच्या वर एकेक नवा पाटा टाकून घेतला. एकूण 3,200 रुपये खर्च आला आणि काम अर्ध्या दिवसात झाले. गाडी लगेच उचलली गेली. चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या खालच्या कडेपर्यंत मोजलेली उंची पूर्वी डावीकडे 40 सेंमी आणि उजवीकडे 42 सेंमी होती, ती आता 47.5 आणि 48 सेंमी झाली. पहिले माप मला नंतर चालकाकडून मिळाले. मडगार्डला टायर घासत असल्यामुळे त्याने ते टेपने घेऊन ठेवले होते, हे आमचे भाग्यच. त्याच वर्षाची, त्याच मॉडेलची आणि फारशी न वापरलेली एक गाडी शेजारच्या गावात होती. तिची उंची मी मुद्दाम जाऊन मोजली, ती 46 सेंमी भरली. म्हणजे नानांची गाडी आता नव्या गाडीपेक्षाही उंच उभी होती.

तीन आठवड्यांत नव्या तक्रारी सुरू झाल्या. रिकामी गाडी परत येताना खडबडीत रस्त्यावर मागून उड्या मारू लागली. ब्रेक दाबला की गाडी पुढे नाक खुपसत असे, आणि वाशीच्या खेपेत घाट उतरल्यावर पुढच्या चाकांपाशी जळका वास आला. आणि ज्या कारणासाठी हे सारे केले, ती तळातली कॅरेट अजूनही दबतच होती. घाटातल्या वासाचे ऐकल्यावर मी नानांना गाडी दुसऱ्याच दिवशी सातपूरला आणायला सांगितले.

तपासणीत काय आढळले

गाडी जॅकवर घेऊन मागचे पाटे उतरवले. बाहेरून पाहता त्यांच्यात काही दिसत नव्हते. डाव्या बाजूचे पाटे एकेक करून वायर ब्रशने घासले, त्यांवर डिझेल लावून थोडा वेळ मुरू दिले, फडक्याने कोरडे पुसले आणि वर खडूची पूड घासली. मग हातोडीचे हलके ठोके मारले. दुसऱ्या क्रमांकाच्या पाट्यावर, सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकापासून कडेच्या दिशेने, खडूच्या पांढऱ्या थरात केसाएवढी काळपट रेघ हळूहळू ओली होत उमटली. भेगेत शिरलेले डिझेल बाहेर झिरपत होते. नाना शेजारीच उभे होते. ते काही वेळ त्या रेघेकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे परवा घाटातून आम्ही यावरच उतरलो."

भेग तिथेच का पडली, याचे उत्तर यू-बोल्टांत, म्हणजे पाटे हाउसिंगला (मागच्या धुरीच्या पोलादी कवचाला) आवळून धरणाऱ्या यू आकाराच्या बोल्टांत होते. गॅरेजने जुनेच यू-बोल्ट परत वापरले होते आणि माल भरून थोडे अंतर चालल्यावर ते पुन्हा आवळलेले नव्हते. यू-बोल्ट घट्ट असतात तोवर पाट्याचा मधला भाग हाउसिंगला आवळलेला राहतो आणि वाकण्याचा ताण भोकापर्यंत पोचत नाही. ते सैल पडले की पाटा नेमका भोकापाशी, जिथे पोलाद सर्वांत कमी असते, तिथे वाकू लागतो. भेगेच्या कडा आतून गंजलेल्या होत्या, त्यामुळे ती अलीकडच्या तीन आठवड्यांतली नसून आधीपासून वाढत आली असावी असे माझे मत आहे. पहिल्या दुरुस्तीच्या वेळी पाटे सुटे केले गेले होते, पण कोणी ते घासून पाहिले नव्हते.

दुसरी गोष्ट ब्रेकची. या गाडीच्या मागच्या ब्रेकच्या लाइनमध्ये लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह आहे. तो चासीवर बसवलेला असून एका दांडीने मागच्या हाउसिंगला जोडलेला असतो. हौदा खाली दबला की माल भरला आहे असे समजून तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो, आणि हौदा उंच असला की रिकामी गाडी समजून दाब कमी करतो, कारण रिकाम्या गाडीची मागची चाके चटकन जाम होऊन घसरतात. जाड पाट्यांमुळे हौदा भरल्यावरही पुरेसा दबत नव्हता. व्हॉल्व्हच्या लेखी गाडी अर्धी रिकामी होती, मागचे ब्रेक कमी काम करत होते आणि भरल्या गाडीचा भार पुढच्या ब्रेकवर येत होता. घाटातल्या जळक्या वासाचे कारण हे होते.

तिसरी गोष्ट वजनाची. पाटे तात्पुरते मूळ रचनेत बसवून, भेगाळलेल्या पाट्याच्या जागी आमच्याकडचा त्याच मापाचा वापरलेला पाटा घालून आणि यू-बोल्ट नवे लावून गाडी बाजारापुरती सोडली. नेहमीसारखा माल भरून बाजाराच्या वाटेवरच्या भुईकाट्यावर फक्त एकदा तोलायची आणि त्यानंतर निर्णय होईपर्यंत निम्माच माल न्यायचा, असे ठरले. भरलेले कॅरेट साधारण 22 किलोंचे असते आणि नाना 78 कॅरेट भरत होते. काट्यावर एकूण वजन 3,410 किलो आले, म्हणजे परवानगीपेक्षा 660 किलो जास्त. आधी पुढची चाके आणि मग मागची चाके स्वतंत्र तोलली, तेव्हा मागच्या धुरीवर 2,310 किलो निघाले.

मुळात काय बिघडले होते

येथे थोडे थांबून लिहावेसे वाटते, कारण आमच्या धंद्यातली सर्वांत रुजलेली चूक याच जागी होते. पाटे बसले म्हणजे ते मऊ झाले, असे मालक, चालक आणि बरेचसे मिस्त्रीही समजतात. प्रत्यक्षात पाट्याचा कडकपणा त्याची रुंदी, जाडी, लांबी आणि पोलाद यांवर ठरतो, आणि गंजून जाडी घटली नाही तर तो वर्षानुवर्षे जवळपास तेवढाच राहतो. जाते ती कमान, म्हणजे पाट्याचा मूळचा बाक. सोसण्यापलीकडचे ओझे वारंवार पडले की पाटा पूर्वीच्या आकाराला परत येत नाही, आणि गाडी रिकामी असतानाच खाली उभी राहू लागते.

नानांच्या गाडीत, हाउसिंग चासीवर आदळू नये म्हणून बसवलेल्या रबरी ठोकळ्यापासून हाउसिंगपर्यंत मूळची सुमारे 12 सेंमी मोकळी जागा असायला हवी होती. डाव्या बाजूची कमान 6 सेंमी उतरल्यामुळे तिथे 6 सेंमीच उरली होती. त्यामुळे हेल्पर पाटा रिकाम्या गाडीतच टेकत होता आणि माल भरला की हाउसिंग थेट ठोकळ्यावर आदळत होते. मालाला बसणारे दणके मऊ पाट्यांचे नव्हते. पाट्यांना हलायला जागाच उरली नव्हती, त्याचे होते.

गेलेली कमान परत द्यायची असताना आम्ही कडकपणा वाढवला. तोही किती, हे पाहण्यासारखे आहे. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. गॅरेजने टाकलेला पाटा 10 मिमी जाड होता, म्हणजे तो एकटा 8 मिमीच्या जवळपास दोन पाट्यांएवढा कडक. लांबीतला फरक सोडून ढोबळ हिशेब केला तर पाच पाट्यांच्या संचाचा कडकपणा त्याने चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढवला. शिवाय नवा पाटा जास्त वाकलेला आणि जुने सपाट, त्यामुळे तो वरच्या पाट्याला मुख्यतः टोकांपाशी टेकत होता आणि भार तिथेच एकवटत होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय जुन्याच पाट्यांना पुन्हा कमान देण्याचा होता. थंड पाटा हातोडीने ठोकून वाकवता येतो, पण ती कमान फार काळ टिकत नाही. गॅस कटरने तापवून वाकवलेला पाटा तर त्याहून वाईट, कारण पोलादाचे पाणीच उतरते. स्प्रिंगचे पोलाद साधारण 850 अंश सेल्सिअसला तापवून तेलात विझवावे लागते आणि पुन्हा साडेचारशे ते पाचशे अंशांपर्यंत तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. ही भट्टी नीट सांभाळणारी जागा असेल तरच हा पर्याय खरा. त्यातही तेरा वर्षांचे, गंजाचे खड्डे पडलेले आणि एक भेगाळलेला पाटा असलेले संच त्या खर्चाच्या लायकीचे नव्हते.

दुसरा पर्याय बाजारात मिळणाऱ्या जास्त जाडीच्या संचाचा होता आणि नानांचा ओढा त्याकडे होता. हे त्यांना समजावणे मला सर्वांत जड गेले. जाड पाटे टाकले तर 78 कॅरेट भरूनही गाडी सरळ उभी दिसेल, हे खरे होते. पण धुरी, चाकाचे बेअरिंग, ब्रेक, टायर आणि चासी त्याच राहतात, आणि आरसी बुकातला आकडाही तोच राहतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार, 2019 च्या दुरुस्तीनंतर, जादा वजनासाठी 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये असा दंड आहे. मात्र नानांना पटले ते दंडाने नव्हे, तर द्राक्षांमुळे. द्राक्षाच्या हंगामात ही गाडी पाच-सहाशे किलोच भरते. तेवढ्या ओझ्याखाली जाड पाटे हलणारच नाहीत, रस्त्याचा प्रत्येक हादरा क्रेटपर्यंत पोचेल, मणीगळ होईल आणि मण्यांवरची लव पुसली जाईल. हे मी बोललो तेव्हा ते गप्प झाले. बागेचे नुकसान त्यांना आकड्यांशिवाय कळते.

हवेच्या पिशव्या बसवण्याचाही विचार झाला. रिकाम्या गाडीत हवा कमी आणि भरल्या गाडीत जास्त ठेवता येते, त्यामुळे दोन हंगामांच्या गाडीला कल्पना म्हणून ती उत्तम आहे. परंतु शेतातल्या चिखलात आणि द्राक्षबागेच्या तारा-काड्यांत त्या सांभाळणे, रोज दाब पाहणे आणि एक फुटली तर गाडी एका बाजूला कलणे, हे चालकाला नको होते. मूळ पाटे खराब असताना त्यांच्यावर पिशवीचा आधार देणे मलाही पटले नाही.

शेवटी मूळ मापाचाच पूर्ण नवा संच, हेल्परसह, आणि एका फेरीला 45 कॅरेटची मर्यादा, असा निर्णय झाला. 45 कॅरेटचे 990 किलो आणि दोन माणसांचे 140 किलो धरले तर एकूण वजन 2,730 किलो होते, मर्यादेच्या किंचित आत. 78 वरून 45 हा आकडा ऐकताना नानांचा चेहरा उतरला, आणि ते साहजिक होते.

प्रत्यक्ष काम

नवे दोन्ही संच आल्यावर बसवण्याआधी जमिनीवर उभे करून त्यांची कमान मोजली. त्यांत 4 मिमीचा फरक निघाला. रस्त्याचा उतार डावीकडे असतो आणि कडेच्या मातीत उतरणारे चाकही डावेच, म्हणून जास्त कमानीचा संच डावीकडे घेतला. यू-बोल्ट, सेंटर बोल्ट, शॅकलच्या (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या कडीच्या) पिना आणि पाट्यांच्या टोकांतले रबरी बुश सगळे नवे घातले. सेंटर बोल्टचे डोके हाउसिंगच्या भोकात नीट बसले आहे याची खात्री करून यू-बोल्टचे नट आडवे-तिरपे, थोडे थोडे करून आवळले.

बुशचे बोल्ट मात्र गाडी जॅकवर असताना शेवटपर्यंत आवळले नाहीत. चाके लटकती असताना ते आवळले तर रबर त्या लटकत्या स्थितीत जखडले जाते आणि गाडी खाली येताच कायमचे पिळलेले राहते. असे बुश लवकर फाटतात. म्हणून गाडी चाकांवर उतरवून, दोन-चार वेळा हलवून मग ते आवळले. व्हॉल्व्हची दांडी मूळ मापावर आली आहे का ते पाहिले, मागचे ब्रेक उघडून साफ केले, पुढचे पॅड बदलले आणि दिव्यांची उंची भिंतीवर पाहून लावली. डावा शॉक ॲब्सॉर्बर गळत होता, म्हणून दोन्ही बदलले. ब्रेकचे काम आणि शॉक वगळता पाट्यांच्या कामाला 17,800 रुपये लागले.

परिणाम

काम झाले त्या दिवशी, 12 ऑक्टोबर 2022 रोजी, उंची डावीकडे 46.5 आणि उजवीकडे 46.3 सेंमी होती. 500 किलोमीटर झाल्यावर गाडी बोलावली, तेव्हा यू-बोल्टचे नट जवळपास पाव फेरा फिरले. 1,000 किलोमीटरनंतर उंची 45.9 आणि 45.8 वर स्थिरावली. नवे पाटे सुरुवातीला एवढे बसतातच. 45 कॅरेट भरल्यावर हौदा सुमारे साडेआठ सेंमी दबला आणि ठोकळ्यापर्यंत साडेतीन सेंमी जागा उरली. तळातली कॅरेट बाजूला काढली जाणे जवळपास थांबले, एखादे निघाले तर निघाले. घाटात पुन्हा वास आला नाही. द्राक्षाच्या हंगामात मणीगळ कमी दिसली असे नाना सांगतात, परंतु त्या वर्षी क्रेटखाली पोत्याचे अस्तरही त्यांनी नव्याने घातले होते, त्यामुळे सगळे श्रेय पाट्यांना देणे बरोबर नाही.

पैशाचा प्रश्न फेऱ्यांनी सुटला. मोठ्या तोड्याच्या दिवशी गाडी पिंपळगावला दोन फेऱ्या करते आणि दुसऱ्या फेरीला पाच-सहा लिटर डिझेल जास्त लागते. रोज फेकली जाणारी चार-पाच कॅरेट वाचली की तो खर्च निघतो, असा हिशेब नानांनी स्वतःच मांडून मला दाखवला. वाशीची खेप मात्र त्यांनी एकट्याने करणे सोडले. आता शेजाऱ्याच्या मोठ्या गाडीत माल एकत्र जातो.

वेगळे काय करता आले असते

फोनवर सल्ला देण्याऐवजी मी तीन प्रश्न विचारायला हवे होते : रिकाम्या गाडीची दोन्ही बाजूंची उंची किती, एका फेरीला कॅरेट किती, आणि भुईकाट्यावर शेवटचे कधी तोलले. या तीन उत्तरांवरून पाटा वाढवण्याचा पर्याय तिथेच बाद झाला असता आणि 3,200 रुपयांसोबत घाटातली ती धोक्याची खेपही टळली असती.

पहिल्या गॅरेजचा दोष मी फार मोठा मानत नाही. त्यांना जे सांगितले ते त्यांनी केले. तरी पाटे सुटे झालेच होते, तर ते घासून खडू लावून पाहायला पंधरा मिनिटे लागली असती, आणि ते मी फोनवर सुचवू शकलो असतो. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला फिटनेस प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. नानांची गाडी त्याआधी काही महिने पासिंग होऊन आली होती आणि त्या निमित्ताने ब्रेकची तपासणीही झाली होती. पण पासिंगच्या वेळी पाटे उतरवून पाहिले जात नाहीत, त्यामुळे त्या कागदावर पाट्यांच्या बाबतीत विसंबणे हीही आमची चूक होती.

भेगाळलेला पाटा सापडल्यावर, तात्पुरती दुरुस्ती करून का होईना, गाडी 78 कॅरेट भरून काट्यावर जाऊ दिली, याविषयी माझ्या मनात अजून प्रश्न आहे. खरे वजन कळायला हवे होते, पण 45 कॅरेट तोलून पुढचा हिशेब कागदावर करता आला असता. आज तशी वेळ आली तर मी तसेच करीन.

45 कॅरेटची मर्यादा पूर्णपणे पाळली गेली, असेही नाही. नोव्हेंबरात भाव चढला तेव्हा एक-दोन वेळा 55 भरली गेली, हे चालकाने मला सांगितले. त्यानंतर आम्ही हौद्याच्या डाव्या कडेखाली, चाकाच्या मध्यापासून 37 सेंमीवर, पिवळ्या रंगाची एक रेघ मारली. माल भरताना हौद्याची कड त्या रेघेखाली गेली की भरणे थांबवायचे, असे चालकाशी ठरले आहे. येत्या टोमॅटोच्या हंगामाआधी नाना गाडी मापासाठी घेऊन येणार आहेत.